मनोऱ्यावरचा लोटाभर वेळ

एका गावात एक मापारी होता आणि त्याच्या मापाला अख्ख्या पंचक्रोशीत तोड नव्हती. खळ्यावर धान्याची रास पडली की लोक त्याला बोलावणं धाडत. तो यायचा, राशीभोवती एक चक्कर मारायचा, मिशीवरून हात फिरवायचा आणि सांगायचा, "चाळीस पायल्या, वर एक शेर." मोजून बघावं तर चाळीस पायल्या आणि वर एक शेरच भरायचा. मोजताना पहिल्या मापाला तो 'एक' म्हणत नसे, मापाऱ्यांच्या रीतीप्रमाणे 'लाभ' म्हणे आणि मग दोन, तीन असा पुढे जाई. माप नेहमी शिगोशीग भरलेलं. घेणाऱ्याला दाणा कमी नाही, देणाऱ्याचा दाणा जास्त नाही.

एवढा गुणी माणूस, पण त्याला एक खोड होती. जगातली प्रत्येक गोष्ट त्याला धान्याची रासच वाटायची. बाजारात गेला की सगळ्यात मोठी काकडी उचलून आणायचा आणि ती कडू निघाली तरी "पण आहे केवढी" म्हणत शेवटपर्यंत खायचा. कीर्तनाला गेला तर घरी येऊन कीर्तन कसं झालं ते सांगायचा नाही, किती वेळ चाललं ते सांगायचा. एकदा वैद्याने त्याला नखाएवढी मात्रा दिली, तर हा वैद्याशीच भांडायला उठला. शेवटी वैद्याने कंटाळून तीच मात्रा शेरभर ताकात कालवून दिली, तेव्हा कुठे याचं समाधान झालं आणि पोटही बरं झालं.

त्याची बायको नदीपलीकडच्या रंगाऱ्यांच्या गावची. त्या गावात घराघराचा रंग ठरलेला होता. कुणाकडे निळीचा हौद, कुणाकडे मंजिष्ठेचा लाल, कुणाकडे काताचा तपकिरी. मापारणीच्या माहेरचा रंग पिवळा, डाळिंबाच्या सालींचा. रंगवलेली लांबच लांब कापडं गावामागच्या डोंगरउतारावर वाळत पडत. सगळी घरं कापड वरून खाली उभं सोडायची. एकटी तिची आई ते आडवं घालायची. उभं घातलं की रंग ओघळून खालच्या टोकाला साचतो, असं तिचं म्हणणं. ते गावात कुणालाही पटत नसे आणि कुणाला पटवत बसायला तिला वेळ नसे. कापड वाळलं की मायलेकी दोन टोकं धरून ते तीनदा झटकत आणि मग घडी घालत.

लग्नात आईने तिला त्याच पिवळ्या रंगाचं पंचवीस हात लांब कापड दिलं होतं. "याचे सहा पंचे निघतील," असं मापाऱ्याने दर दिवाळीला सुचवलं आणि दर दिवाळीला मापारणीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या कापडाला तिने कात्री लागू दिली नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली आणि नदीला मोठा पूर येऊन पूल वाहून गेला. तिथे नदी दोन कड्यांच्या मधून वाहते, होडी घालायची कुणाची छाती होत नाही. वळसा घालून जायचं तर महिनाभराची वाट, तीही रानातून. तरीही येणाऱ्या-जाणाऱ्याकडून खुशाली कळत होती. मग दोन वर्षांपूर्वी एक व्यापारी सांगून गेला, की रंगाऱ्यांच्या गावात तापाची साथ येऊन गेली आणि बरीच घरं बंद पडली. कुठली घरं, ते त्याला सांगता येईना, आणि साथीच्या धास्तीने त्या वाटेचं येणं-जाणंही थांबलं. त्या दिवसापासून मापारीण भाकरी थापता थापता मधेच थांबायची आणि तव्यावरची करपून जायची. आपली आई आहे की नाही, एवढं एकच तिला जाणून घ्यायचं होतं आणि ते सांगणारं कुणी नव्हतं.

अशात राजाने नदीकाठच्या टेकडीवर एक मौजबाग बांधली. दरवाजावर माणशी एक रुपया द्यायचा आणि आत जायचं. त्या रुपयात कारंजी, मोर, हिरवळ आणि बोलके पोपट बघायला मिळत. पण आत गेल्यावर आणखी काही खेळ होते आणि त्यांना वेगळा पैसा पडत असे. नौकेची फेरी, राक्षसाची गुहा आणि सगळ्यात उंच आकाशमनोरा. बाग बघून आलेल्या लोकांचे लगेच दोन तट पडले. एक म्हणत, वेगळे पैसे म्हणजे निव्वळ लूट. दुसरे म्हणत, तेच खरे खेळ, बाकी नुसती झाडं. पारावर यावरून भांडणं होत आणि भांडणाऱ्यांपैकी निम्मे बागेत गेलेलेच नसत.

गावात बांगड्या भरायला येणारी कासारीण मात्र जाऊन आली होती. मापारणीच्या हातात चुडा चढवता चढवता ती म्हणाली, "मनोऱ्यावर चढले होते बाई. वरून नदीपलीकडचा तुमचा तो रंगाऱ्यांचा डोंगर दिसतो. पट्टे पट्टे दिसतात, लाल, निळे."

"पिवळा दिसला?" मापारणीने विचारलं.

"आता ते कुठलं लक्षात राहायला," कासारीण म्हणाली. "दाबून धरू नका हात, बांगडी फुटेल."

त्या संध्याकाळी मापारणीने नवऱ्याकडे विषय काढला. "अहो, मनोऱ्यावरून माझ्या माहेरचा डोंगर दिसतो म्हणे."

मापारी शेर घासत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "डोंगर लांबून दिसला तर पदरात काय पडणार?" त्यात दुष्टपणा नव्हता. त्याला खरोखरच तो प्रश्न पडला होता. पण मौजबागेला जायचं त्याच्याही मनात होतं, कारण एवढी मोठी बाग त्याने अजून डोळ्यांनी मोजली नव्हती. सुगी संपली, हाताशी सहा रुपये जमले आणि एका सकाळी दोघं निघाली.

आत खाणं महाग मिळतं असं ऐकून मापाऱ्याने घरून नऊ भाकऱ्या, ठेचा आणि वांग्याची भाजी घ्यायला लावली. मापारणीने ते सगळं आपल्या पिवळ्या कापडात बांधलं. त्याने विचारलं, "एवढ्याशा शिदोरीला एवढं मोठं बोचकं कशाला?" ती म्हणाली, "असू द्या." मनात तिने काही ठरवलं होतं असं नाही. मनोऱ्यावर जायला मिळालंच तर ते कापड आपल्याजवळ असावं, एवढंच तिला वाटलं.

दरवाजावर दरवान उभा होता. त्याने बोचक्याकडे बोट दाखवलं. "बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई आहे."

"आणि पोटात घालून न्यायला?" मापाऱ्याने विचारलं.

दरवानाला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. "तशी मनाई नाही," तो म्हणाला.

मग मापाऱ्याने दरवाजाशेजारीच बैठक मारली. मापारणीने दोन भाकऱ्या खाल्ल्या, उरलेल्या सात त्याने एकट्याने संपवल्या, कारण चांगलं अन्न टाकून देणं त्याच्या रक्तात नव्हतं. शेवटची भाकरी त्याने डोळे मिटून गिळली. रिकामं झालेलं पिवळं कापड मापारणीने घडी घालून काखेत धरलं आणि दोन रुपये देऊन दोघं आत शिरली.

आत एका खिडकीवर मोठा फलक रंगवला होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी राजाने एक युक्ती केली होती. कुठला खेळ किती वेळ चालतो ते भांड्यांनी दाखवलं होतं. प्रत्येक खेळाजवळ बुडाला बारीक भोक असलेलं एक भांडं टांगलेलं असे. ते पाण्याने भरायचं, थेंब थेंब गळून रिकामं झालं की तुमची वेळ संपली. नौकेपुढे रांजण काढला होता, किंमत माणशी एक रुपया. गुहेपुढे घागर, तिलाही एक रुपया. आणि आकाशमनोऱ्यापुढे एक छोटासा लोटा, त्याला माणशी दोन रुपये.

हा फलक बघितला मात्र, आणि आपला मापारी खुलला. आजवर त्याला जग असं कुणी भांड्यांत मांडून दाखवलं नव्हतं. त्याने फलकासमोर एक चक्कर मारली, मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला, "रांजण. यात विचार करायचं कामच नाही. एका रुपयाला एक रांजण कुठे आणि दोन रुपयांना एक लोटा कुठे. त्या मनोऱ्यावर जाणाऱ्यांना हिशेबच कळत नाही."

"पण मला मनोऱ्यावर..." मापारणीने सुरुवात केली.

"आधी रांजण," मापारी म्हणाला आणि त्याने दोन रुपये खिडकीत सरकवलेसुद्धा.

नौका म्हणजे गुडघाभर पाण्याच्या तळ्यातली एक रंगीत होडी होती. तळ्याकाठी एक म्हातारा बैल दोर ओढत गोल गोल फिरायचा आणि त्याच्या मागोमाग होडी गोल गोल फिरायची. पहिल्या फेरीत मापाऱ्याला मजा वाटली. दुसऱ्या फेरीत त्याने तेच कमळ पुन्हा बघितलं. पाचव्या फेरीला त्याच्या पोटातल्या सात भाकऱ्याही होडीबरोबर फिरू लागल्या आणि त्याचा चेहरा हळूहळू हिरवट पडला.

"उतरू या का?" मापारणीने विचारलं.

"रांजण अजून अर्धा आहे," तो कठड्याला घट्ट धरून म्हणाला. "पैसे मोजलेत."

प्रत्येक फेरीत मनोरा एकदा समोर यायचा आणि पुन्हा मागे जायचा. मापारीण मनोऱ्याकडे बघत नव्हती, त्याच्या सावलीकडे बघत होती. दोघं आली तेव्हा सावली मनोऱ्याच्या पायाशी होती, आता ती हिरवळीवर पसरायला लागली होती. दुपार कलली की रंगारी डोंगरावरची कापडं गोळा करतात हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. उन्हं उतरताना कापड बाहेर राहिलं तर दव धरतं आणि रंग मरतो. रांजण ठिबकत होता, बैल चालत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या नवऱ्याचा मनापासून राग आला.

शेवटी रांजण रिकामा झाला. मापारी उतरला तो थेट एका झाडाला धरून उभा राहिला. जरा वेळाने त्याला बोलता आलं. "चला, ते पैसे तर वसूल झाले," तो म्हणाला. "दोन रुपये उरलेत. आता गुहा. दोघांच्या मिळून दोन घागरी होतात."

मापारीण जागची हलली नाही. "मला मनोऱ्यावर जायचंय," ती म्हणाली.

"अगं, एका लोट्याला दोन रुपये. आणि उरलेल्या पैशांत एकालाच जाता येणार. मी खाली काय करू?"

अठरा वर्षांच्या संसारात तिने त्याच्या मापाला कधी आव्हान दिलं नव्हतं. दाण्यांच्या बाबतीत तो कधी चुकलाच नव्हता, म्हणून बाकीच्या बाबतीतही ती गप्प राहत आली होती. पण आज तिने त्याच्याकडे सरळ बघितलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खळ्यावर धान्य उपणलं की दोन ढीग पडतात. मोठा ढीग कशाचा असतो?"

"भुशाचा," मापारी म्हणाला. हे काय विचारणं झालं, असा त्याचा चेहरा.

"मग तुम्ही भुसा मोजायला का बसत नाही?"

मापाऱ्याने होडीच्या तळ्याकडे वळून बघितलं.

"सकाळपासून तुम्ही ढीग बघून खेळ घेताय," ती म्हणाली. "माझी आई त्या डोंगरावर आहे की नाही, ते मला बघायचंय. त्याला लोटा लागू दे नाहीतर घोटभर पाणी लागू दे. बाग कितीही मोठी असली तरी मी इथे तेवढ्यासाठी आले." तिचा आवाज चढला नव्हता. डोळे मात्र भरून आले होते.

अठरा वर्षं ही बाई दिवाळीला सहा पंचे का काढू देत नाही, ते मापाऱ्याला त्या घटकेला कळलं आणि आपण इतकी वर्षं काय मोजत होतो याची त्याला लाज वाटली. त्याने कनवटीचे दोन रुपये काढले आणि तिच्या हातावर ठेवले. "जा," तो म्हणाला. "मी लोट्यापाशी उभा राहतो."

मनोऱ्याला एकशे वीस पायऱ्या होत्या. वर पोचलं की घंटा वाजवायची, मग खाली लोटेवाला लोटा भरून आकड्याला लावी आणि तुमचा वेळ सुरू होई. मापारीण पदर खोचून चढली. ऐंशीव्या पायरीपाशी तिला दम लागला, तरी ती थांबली नाही. वर पोचल्यावर तिने घंटेचा दोर ओढला आणि कठड्याला जाऊन भिडली.

समोर नदी होती, पलीकडे तिचा डोंगर. केवढा तो जवळ दिसत होता. उतारावर पट्टे उभे सोडलेले होते. निळे होते, म्हणजे वरच्या आळीचं घर धड होतं. लाल होते, तपकिरी होते, एक हिरवाही होता, तो तिच्या वेळेला नव्हता. तिने डावीकडून उजवीकडे बघितलं, मग उजवीकडून डावीकडे. उतारावर मोठ्या खडकाखालची जागा तिच्या आईची. तिथे नुसतं गवत होतं. पिवळं कुठेच नव्हतं.

व्यापाऱ्याचे शब्द तिच्या कानात पुन्हा वाजले. पण मग तिला सावली आठवली. आई सगळ्यांच्या आधी कापड उचलायची. दव पडायच्या खूप आधी, शेजारणी हसल्या तरी. कदाचित नौकेत गेलेल्या त्या वेळात आईने कापड गोळा केलंही असेल. आणि कदाचित कापड गोळा करायला कुणी उरलंच नसेल. इथून ते कसं कळणार, हे तिला समजेना, आणि खाली लोटा ठिबकत होता.

तेव्हा तिला काखेतल्या कापडाचा स्पर्श जाणवला. तिने घडी उलगडली. भाकरीचे चार कण वाऱ्यावर उडून गेले. एक टोक तिने कठड्याला पक्कं बांधलं, दुसरं दोन्ही हातांत धरलं आणि पंचवीस हात पिवळं कापड मनोऱ्याबाहेर सोडलं. वारा त्यात भरला. खाली बागेतले लोक वर बघू लागले. तिने कापड झटकलं, एकदा, दोनदा, तीनदा, जसं आईबरोबर झटकायची तसं. डोंगरावर सगळं जसंच्या तसं राहिलं. तिने पुन्हा तीनदा झटकलं. तिचे दंड भरून आले. पलीकडे काही हललं नाही.

खालून घंटा वाजली. लोटा रिकामा झाला होता.

मापारीण तशीच उभी राहिली. आता उतरायला हवं होतं, पण तिने कठड्याची गाठ सोडली नाही. तेवढ्यात खालून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. खळ्यावर पन्नास माणसांच्या गलक्यात ऐकू जाईल असा तो आवाज होता.

"थांबा. माप भरलेलं नाही."

खाली काय झालं ते तिला नंतर कळलं. लोट्यापाशी उभा राहिलेला मापारी आधी वरच बघत होता. पण घंटा वाजल्यावर सवयीने त्याची नजर लोट्यात गेली. रिकाम्या लोट्याच्या आत पाण्याची ओली कड दिसत होती आणि ती काठाच्या चांगली दोन बोटं खाली होती. वरचं पितळ कोरडं ठणठणीत होतं. मनोऱ्याला गर्दी फार, म्हणून लोटेवाल्याला थोडं कमी भरायची सवय लागली होती आणि आजवर कुणाच्या ते नजरेत आलं नव्हतं.

"भोकाच्या भांड्याला दोन बोटांनी काय होतंय," लोटेवाला म्हणाला. "चला, पुढचा."

"तुम्ही फलकावर लोटा काढलाय," मापारी म्हणाला. "लोट्याचे दोन रुपये घेतलेत. दोन बोटं कमी लोट्याला लोटा म्हणत नाहीत. मी आयुष्यभर मापं भरली आहेत. माझ्या बायकोची दोन बोटं राहिली आहेत, ती आधी घाला."

रांगेतले लोक पुढे सरकले. एकाने लोट्यात डोकावून बघितलं, मग दुसऱ्याने. "खरंच की," रांगेतली एक बाई म्हणाली. "गेल्या खेपेला मीही वर होते. माझं पण कमीच भरलं असणार." मागून कुणीतरी दरवानाला बोलवा म्हणालं. लोटेवाल्याने एकवार सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, तांब्या उचलला आणि लोट्यात पाणी ओतायला लागला. मापारी वाकून बघत होता. "लाभ," तो पहिल्या बोटाला म्हणाला. "दोन," तो दुसऱ्या बोटाला म्हणाला. मग त्याने मान वर केली आणि ओरडला, "अगं, उतरू नकोस. दोन बोटं आहेत अजून."

मापारणीने ते ऐकलं आणि पुन्हा डोंगराकडे तोंड केलं. दंडात त्राण नव्हतं, तरी तिने कापड आवळून धरलं. एक, दोन, तीन.

मोठ्या खडकाखाली काहीतरी उलगडलं. आधी ते बोटभर दिसलं, मग हातभर, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ताणलं गेलं. उभ्या पट्ट्यांच्या त्या डोंगरावर एकच पट्टा आडवा होता आणि तो पिवळा होता. तो वर उचलला गेला आणि खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. आणि पुन्हा एकदा.

तीनदा.

मापारीण हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. असं आडवं कापड घालणारी त्या गावात एकच बाई होती. ती होती, आणि उभी होती, आणि अजूनही कुणाचं ऐकत नव्हती. कापडाचं दुसरं टोक कुणी धरलंय ते इतक्या लांबून कळत नव्हतं. भावाची बायको असेल, तिने कधी न बघितलेली. जी कुणी असेल तिचं भलं होवो, असं मापारणीने मनात म्हटलं. मग तिने कापड झटकलं, पलीकडून उत्तर आलं, तिने पुन्हा झटकलं, पुन्हा उत्तर आलं. नऊ वर्षांत न झालेलं बोलणं मायलेकींनी दोन बोटं पाण्यात करून घेतलं. दुसऱ्यांदा घंटा वाजली तेव्हा ती गाठ सोडून, कापडाची घडी घालून, आपणहून उतरायला लागली. तिचं मन भरलं होतं.

खाली मापारी पहिल्या पायरीवर उभा होता. "दिसलं?" त्याने विचारलं.

"आई आहे," ती म्हणाली.

मापाऱ्याने तिच्या काखेतलं कापड घेतलं आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवलं. गावात परत येईपर्यंत त्याने ते खाली ठेवलं नाही. दरवाजातून बाहेर पडताना मागे रांगेतला गलका ऐकू येत होता. जो तो आता लोट्यात डोकावून बघत होता आणि लोटेवाला प्रत्येकाचं माप काठोकाठ भरून देत होता. पुढे ही गोष्ट राजाच्या कानावर गेली आणि त्याने बागेतली सगळी भांडी मापाऱ्याकडून तपासून घेतली. त्या कामाची बिदागी म्हणून मापाऱ्याने पैसे घेतले नाहीत. दर वर्षी सुगीनंतर एक दिवस त्याच्या बायकोला मनोऱ्यावर जाऊ द्यावं, एवढंच मागितलं, आणि राजाने ते आनंदाने दिलं. दुसऱ्या वर्षी मापारी स्वतः वर चढला आणि त्याने कापडाचं एक टोक धरलं. गाठ बांधायची गरज उरली नाही.

पण त्या पहिल्या दिवशी दोघं गावात परतली, तेव्हा पारावर नेहमीची मंडळी बसलेली होती आणि नेहमीचं भांडण चाललं होतं. मापाऱ्याला बघताच सगळे त्याच्याकडे वळले. मोजण्याच्या बाबतीत त्याच्यापुढे कुणाचं काय चालणार. एकाने विचारलं, "तुम्हीच सांगा आता. ते वेगळे पैसे देऊन खेळ घ्यावेत की नाही? काय काय घेतलंत?"

"नौका घेतली," मापारी म्हणाला. "रांजणभर होती. फुकट गेली."

"आणि?"

"आणि मनोरा."

"तो तर सगळ्यात महाग," दुसरा म्हणाला. "आणि वेळ म्हणे अगदीच थोडा. किती होता सांगा बघू?"

मापाऱ्याने खांद्यावरचं पिवळं कापड नीट केलं. बायकोकडे एकदा बघितलं. मिशीवरून हात फिरवला आणि खळ्यावरच्या राशीचं माप सांगावं तसं छाती पुढे काढून सांगितलं, "एक लोटा. वरच्या दोन बोटांसकट."

तात्पर्य: जास्तीचे पैसे वाया गेले की सार्थकी लागले, हे खेळ केवढा होता यावर ठरत नाही, आपण कशासाठी आलो हे ठाऊक असेल त्याचाच पैसा वसूल होतो. आणि पैसा दिलाच आहे, तर माप पुरतं भरून घ्यावं.